बेळगाव सीमाभागातील खडक आणि माती

सह्याद्रीचा घाटमाथा आणि कर्नाटकाचे कोरडे पठार यांच्यामध्ये पसरलेल्या बेळगाव जिल्ह्यात (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) मातीचा रंग तालुक्यागणिक बदलतो. खानापूर व बेळगावच्या पश्चिम भागात ती तांबडी, तर निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी. खाली वेगळा खडक असणार, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. ते अर्धेच खरे आहे. या भागातली कितीतरी तांबडी आणि कितीतरी काळी एकाच दगडापासून झाली आहे. फरक पडला तो पावसाने.

ठरावीक रासायनिक घटक आणि अणूंची ठरावीक मांडणी असलेला नैसर्गिक घन पदार्थ म्हणजे खनिज. अशा खनिजांचा समुच्चय म्हणजे खडक, आणि खडक झिजून, कुजून, त्यात जीवजंतू व पाला मिसळून होते ती माती. शेताच्या बांधावर सापडणारी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, हे ओळखायला सर्वांत सोपे खनिज. चाकूने तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. चुनखडी चाकूने सहज खरवडली जाते आणि आम्ल टाकले की फसफसते.

जिल्ह्यात खडकांचे तीन मोठे गट आहेत. सर्वांत जुने म्हणजे दक्षिणेकडच्या खानापूर, कित्तूर, बैलहोंगल भागातले धारवाडी शिस्ट (पापुद्रे सुटणारा खडक) व नाइस (पट्टेदार खडक). त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आगेमागे आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. त्यांच्या झिजलेल्या पृष्ठभागावर पुढे वाळू, गाळ आणि चुना साचून गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गाकडचे वालुकाश्म, क्वार्ट्झाइट (वालुकाश्म घट्ट होऊन झालेला कठीण खडक) व चुनखडक तयार झाले. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून त्यांना कलादगी खडक म्हणतात. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली उडी घेते ती या वालुकाश्माच्या कड्यावरून. यादवाड परिसरातला चुनखडक सिमेंटसाठी काढला जातो. तिसरा गट बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला आणि जुन्या खडकांवर थरांवर थर चढले. पाटा-वरवंटा, जाते आणि आजच्या क्रशरवरची खडी बहुधा याच दगडाची.

खानापूर-बेळगाव पट्ट्यात या काळ्या दगडाचे काय होते, ते नवी विहीर खणताना उत्तम दिसते. वर हातभर तांबडी माती लागते. मग चिरा, म्हणजे जांभा दगड. त्याला भोके भोके असतात आणि ती भोके पिवळ्या-पांढऱ्या मातीने भरलेली असतात. चिऱ्याखाली शेडूसारखा मऊ, चिकट, रंगीबेरंगी थर येतो. खणणाऱ्याला तो नकोसा, कारण विहिरीची कड तिथेच ढासळते. त्याखाली मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे आणि शेवटी घणाला दाद न देणारा काळा पाषाण. खालून वर पाहत आलो, तर एका दगडाची माती कशी होते त्याच्या साऱ्या पायऱ्या एका भिंतीत दिसतात. प्रत्येक विहिरीत त्या इतक्या सुबक नसतात, हे खरे. शिवाय चिऱ्याखाली बेसॉल्टच असेल असेही नाही. खानापुरात चिरा धारवाडी खडकांवरही झालेला आहे.

चिरा होण्याचे कारण असे, की घाटमाथ्यावर पाऊस उदंड आणि पुढे उन्हाळा कडक. मुरणारे पाणी दगडातला चुना, सोडा, पोटॅश आणि बरीचशी सिलिका धुऊन नेते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाच्या गंजानेच चिरा लाल होतो. ताजा चिरा मऊ असतो म्हणून तासता येतो, पण हवेवर राहिला की घट्ट होतो. जिथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त उरले, तिथे बॉक्साइट मिळाले. बेळगाव आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातले साठे असेच झाले आहेत. अशी धुऊन निघालेली माती कसाला हलकी असते, पण भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा करणारी असते. म्हणून बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी आणि बटाटे चांगले पोसतात. खानापूरची ओळख तर मातीकामाचीच. विटा, कौले आणि मडकी तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाजली जात आहेत.

पूर्वेकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. धुऊन न्यायला पाणीच नाही, म्हणून चुना व मॅग्नेशियम जागीच राहतात आणि माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार होते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मार्च-एप्रिलमध्ये काळीला अशा भेगा पडतात की विळा आत गेला तर हात घालून शोधावा लागतो. वरची माती याच भेगांत पडते आणि रान आपोआप खालीवर होते. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय खत, असा समज असतो. प्रत्यक्षात ते बहुधा थोडेच असते. कन्नड शेतकरी काळीला एरी म्हणतात आणि तांबडीला मसारी. काळीला वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला वेळ लागतो, पण एकदा ओल धरली की शाळू आणि हरभरा पावसाविना त्याच ओलीवर निघतात. बैलहोंगल, सौंदत्तीकडे बेसॉल्ट नसलेल्या खडकांवरही काळी आढळते. मातीवर पावसाचा शिक्का खडकाइतकाच खोल असतो, तो असा.

मात्र पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण कालवे आणि उपसा सिंचन आल्यावर अंगाशी आला. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी खालचे क्षार वर आले. रानावर मिठाची पांढरी पुटे धरलेली जमीन म्हणजे क्षारपड. तिच्यात आधी चर काढून पाणी बाहेर काढावे लागते. नुसती खते ओतून काही होत नाही.

घर बांधतानाही काळी त्रास देते. तिच्यावर पाया ठेवला तर पावसाळ्यात भिंत उचलते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून ती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जातात. पश्चिमेच्या जुन्या घरांत चिऱ्याची भिंत आणि उतरते कौलारू छप्पर दिसते, तर पूर्वेच्या कमी पावसात धाब्याची सपाट घरे. धाब्यावर घालतात ती पांढरी माती, जुन्या गावठाणातली. काळी पिकाची आणि पांढरी राहण्याची, ही गावाची जुनी वाटणी सीमाभागातल्या बोलण्यात अजून टिकून आहे.