ठसा पुसट उठतोय? ब्लॉक परत पाठवण्याआधी हे वाचा
(जुन्या जाहिरातींचे ब्लॉक छापणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

शिलाई मशीन, स्टोव्ह, इस्त्री, कपडे पिळायचे यंत्र, बर्फाचे कपाट अशा घरगुती वस्तूंच्या जुन्या जाहिरातींचे ब्लॉक (छपाईसाठी उठावाचे चित्र असलेले ठोकळे) आम्ही जमवतो, साफ करतो आणि तपासून विकतो. ते घेणारे बहुतेक जण हौशी असले तरी नवखे नसतात. शाई कशी घोटायची, फर्मा कसा आवळायचा हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यात शिरत नाही. तक्रार मात्र पुन्हा पुन्हा एकच येते : "एक कोपरा उठतच नाही, ब्लॉक झिजलेला दिसतो."

तो सहसा झिजलेला नसतो. उंचीला कमी असतो.

ब्लॉकची उंची छपाईच्या खिळ्याइतकी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षराइतकी, लागते. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीत ही उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर धरतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी २३.५६ चालत असे. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तेवढा फरकही अख्खा कोपरा गायब करायला पुरतो. जुन्या ब्लॉकची उंची का घटते हे तो कसा बनला यावरून कळते. मूळ चित्र बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेले असे. त्याचा मेणात साचा घ्यायचा, साच्याला ग्राफाइट चोळायचे, मोरचुदाच्या द्रावणात विजेने त्यावर तांब्याचा पापुद्रा चढवायचा, पापुद्र्यामागे शिशाचा मिश्रधातू ओतायचा आणि सगळे लाकडी ठोकळ्यावर ठोकायचे. हे तंत्र १८४० च्या सुमारास आले. त्यामुळे कारखानदारांना एकाच चित्राच्या हव्या तितक्या नकला काढून विक्रेत्यांना पाठवता येऊ लागल्या. तांबे अजून ठणठणीत असते. आटतो, वाकतो तो खालचा ठोकळा.

आता ज्या चुकीपायी तुमचा ब्लॉक आणि आमचा वेळ दोन्ही जातात ती. कोपरा उठला नाही की आधी शाई वाढवली जाते, मग दाब वाढवला जातो. शाईने बारीक रेघांमधल्या फटी बुजतात, दाबाने उंच बाजूच्या रेघा चेपतात. तरीही कोपरा येत नाही, मग कोणीतरी पॉलिश पेपर काढतो आणि ब्लॉकचे तोंड "सपाट" करतो. कृपया हे कधीही करू नका. तांब्याचा पापुद्रा पातळ असतो, तो घासला की खालचे शिसे उघडे पडते, आणि शिशाची धूळ श्वासात जाणे अजिबात चांगले नाही. मूळ लाकडी कोरीव ब्लॉक असेल तर नुकसान आणखी मोठे. इंग्लंडचा लाकूड-कोरीवकार थॉमस ब्यूइक याच्यापासून कोरणारे काही भाग मुद्दाम किंचित खोल घेत, म्हणजे तिथला ठसा फिका यावा. इस्त्रीच्या दांड्यामागची सावली हलकी दिसते ती त्यामुळे. घासून सगळे एका पातळीत आणले की ती सावली कायमची गेली. घासलेला ब्लॉक आम्ही परत घेत नाही. यावर काहींचा राग होतो, पण घासलेले तोंड आम्हालाही पूर्ववत करता येत नाही.

करायचे ते सोपे आहे. ब्लॉक काचेवर ठेवून एकेक कोपरा बोटाने दाबा. डुगडुगला तर ठोकळा वाकला आहे. कॅलिपरने चारही कोपरे मोजा. आमच्याकडून घेतलेल्या ब्लॉकच्या बाजूवर हे आकडे पेन्सिलीने लिहिलेले असतात. साफ करताना ते पुसू नका, बरेच जण पुसतात. जिथे कमी असेल तिथे ठोकळ्याच्या खाली, लाकडाला, कागदाचे तुकडे चिकटवा. ते कडेपासून जरा आत असू द्या. मग अगदी कमी शाईत, हलक्या दाबाने ठसा काढा. चारही कोपरे सारखे पुसट आले की अर्धे काम झाले. त्यानंतरच दाब थोडा थोडा वाढवा. स्टोव्हच्या भरीव काळ्या अंगाला रेघांपेक्षा जास्त दाब लागतो. त्यासाठी ब्लॉकखाली नव्हे, छपाईच्या कागदामागच्या पॅकिंगमध्ये, नेमक्या त्या जागी पातळ टिश्यूचा तुकडा लावा. याला वेळ लागतो. छापखान्यातले जुने कारागीरही छपाईपेक्षा या तयारीत जास्त वेळ घालवत.

प्रेस नसेल, हाताने चमच्याच्या पाठीने घासून ठसे काढत असाल, तर उंचीचा प्रश्न जवळपास मिटतो. डुगडुग तेवढी काढा.

जाड, मऊ कागदात ठसा खोल रुतवायची हल्ली आवड आहे. जुन्या ब्लॉकवर ती भागवू नका. ही चित्रे गुळगुळीत कागदाला हलका स्पर्श करण्यासाठीच कोरलेली होती. ब्लॉक बारीक ठिपक्यांचा, हाफटोनचा असेल तर खडबडीत कागदावर नुसता काळा डाग येईल. खोल ठसाच हवा असेल तर तुमच्या ब्लॉकचा एक स्वच्छ ठसा पाठवा, त्यावरून आम्ही पॉलिमरची नवी प्लेट करून देतो. तिच्यावर हवा तेवढा दाब द्या, मूळ ब्लॉक कपाटात सुरक्षित राहील.

आणखी काही नेहमीचे. "तुमचे ब्लॉक काळपट का?" कारण आम्ही तांबे चकचकीत करत नाही, चकाकीने ठसा सुधारत नाही, रेघा मात्र झिजतात. वाळलेली शाई आम्ही मऊ ब्रश आणि रॉकेलने काढतो, तुम्हीही तसेच करा. पाणी नको, लाकूड फुगते. ठशात भलत्या जागी काळा ठिपका येत असेल तर प्लेट ठोकळ्याला ठोकायची चूक वर आली आहे, ती पंचने आत बसवा. शिलाई मशीनचे चाक ब्लॉकवर डावीकडे दिसते म्हणून ब्लॉक चुकीचा कोरलेला नसतो. छापल्यावर ते उजवीकडेच येते. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर फुंकू किंवा झाडू नका, ब्लॉक पिशवीत बंद करून आम्हाला कळवा. काम झाल्यावर हात धुवा.

एवढे करूनही कोपरा उठला नाही तर ब्लॉक जरूर पाठवा. ठोकळा बदलून प्लेट बरोबर उंचीला बसवून देण्याचे काम आम्ही करतो, आणि ब्लॉक दुसरीकडून घेतलेला असला तरी चालतो. मापाच्या कागदी पट्ट्यांचे पाकीटही आमच्याकडे मिळते. नाहीतर जुनी कॅलेंडरे कापून वापरा, काम तेच होते. पाठवताना तोंडावर जाड पुठ्ठा बांधा आणि सोबत न सुधारलेला, वाईटातला वाईट ठसा ठेवा. चांगला ठसा पाठवलात तर दोष कुठे आहे ते आम्हाला दिसत नाही.