हाइडचा डॉक्टर आणि चढत गेलेली रेघ

‘इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’ वर्षानुवर्षं आपल्याच पेशंटांना मारत राहिलेल्या डॉ. हॅरल्ड शिपमनची हकीकत पहिल्यांदा ऐकणारा हेच विचारतो. पण लक्षात आलं होतं. इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे. तिथे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाला या डॉक्टरचे वृद्ध पेशंट न्यायला वारंवार जावं लागे आणि दृश्य बहुतेक वेळा सारखंच असे. माणूस अंथरुणात नाही, खुर्चीत बसलेला. अंगावर दिवसाचे नेहमीचे कपडे. घरात आजारपणाची खूण नाही. गावातल्या एका टॅक्सीवाल्याने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी अचानक गेलेल्या म्हाताऱ्या बायकांची यादी करायला घेतली होती, आणि त्या सगळ्यांचा डॉक्टर एकच होता.

मार्च १९९८मध्ये जवळच्याच दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांनी ही शंका कोरोनरपर्यंत, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत नेली. तेव्हा तिथे दहनाच्या परवानगीच्या कागदावर दुसऱ्या डॉक्टरची सही लागत असे. शिपमनच्या पेशंटांच्या कागदांवर सह्या करताना त्यांना दिसलं, की त्याचे पेशंट आपल्या दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी आहेत आणि मृत्यू मात्र कमी नाहीत. पोलिसांनी चौकशी केली. १७ एप्रिलला ती बंद झाली. त्यानंतर शिपमनने आणखी तीन स्त्रियांना मारलं.

त्यांतली शेवटची ८१ वर्षांची. तिच्या नावाने त्याने खोटं मृत्युपत्र केलं, तिच्या वकील मुलीने ते ओळखलं आणि सप्टेंबर १९९८मध्ये त्याला अटक झाली. ३१ जानेवारी २००० रोजी प्रेस्टनच्या न्यायालयाने त्याला १५ खुनांसाठी दोषी ठरवलं. पुढे न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २००२च्या पहिल्या अहवालात २१५ बळी निश्चित केले, १७१ स्त्रिया आणि ४४ पुरुष. शेवटचा अंदाज सुमारे २५०चा होता. बहुतेक जण वृद्ध होते आणि बहुतेकांचा मृत्यू त्यांच्या स्वतःच्या घरात झाला. ज्याच्यासाठी दार हसतमुखाने उघडलं जायचं, त्या घरी येणाऱ्या डॉक्टरकडून.

अशा माणसांबद्दल लिहिताना त्याचे थंड डोळे, त्याचं बालपण, त्याची आई यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. मला त्याच्या डोळ्यांत रस नाही. मला वाटतं, खरा प्रश्न मोजणीचा आहे. लक्षात येणं आणि सिद्ध होणं यांच्यामध्ये जी दरी होती, ती ओलांडायची रीत तेव्हा उपलब्ध होती. ती कुणी वापरली नाही, एवढंच.

आधी विषाबद्दल थोडं. शिपमन डायमॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचा. डायमॉर्फिन म्हणजे हेरॉइनच, ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या वेदनांवर ते अधिकृतपणे वापरतात. शरीरात गेल्यावर काही मिनिटांत त्यावरचे अॅसिटिल गट सुटू लागतात आणि उरतं मॉर्फिन. ते मेंदूतल्या श्वासाचा ताल सांभाळणाऱ्या केंद्राला दाबतं, श्वास मंद होत होत थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला म्हातारं माणूस खुर्चीत डुलकी घेत गेल्यासारखं दिसतं. पण मॉर्फिन टिकाऊ असतं. पुरलेल्या देहाच्या स्नायूंत आणि यकृतात ते बराच काळ ओळखता येतं, आणि एका डॉक्टरने असं चिवट विष निवडावं हे तपास करणाऱ्यांनाही नवल वाटलं. ज्या १५ खुनांचा खटला चालला, त्यांतल्या नऊ जणांचे देह उकरून काढून मॉर्फिन सापडलं होतं. बाकी सहा जणांचं दहन झालेलं होतं. तिथे रसायनशास्त्राचा इलाज नव्हता. संगणकाने मात्र तिथे साथ दिली. मेलेल्या पेशंटच्या नोंदीत शिपमन मागच्या तारखा टाकून हृदयविकार ‘घुसवत’ असे, आणि ती नोंद खरोखर कधी टंकली गेली ती वेळ संगणकाने आपल्यापाशी गुपचूप ठेवलेली होती.

हे सगळं संशय पक्का झाल्यावरचं. संशय पक्का कसा व्हावा? ७८ वर्षांच्या बाई घरी वारल्या, दाखल्यावर हृदयविकार लिहिलाय, यात वावगं काय? एकेक मृत्यू सुटा घेतला तर प्रत्येक पटण्यासारखा होता. पहिल्या पोलीस चौकशीत थोड्याशा नोंदी पाहिल्या गेल्या आणि त्याही खुद्द शिपमनने लिहिलेल्या! खोट होती ती मालिकेत, आणि मालिका कुणाच्याच टेबलावर एकत्र येत नव्हती.

इथे थोडं थांबून आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल बोलायलाच हवं. एका आळीत लागोपाठ तीन-चार वृद्ध गेले, की कुणीतरी पंचांग उघडून ‘पहिला पंचकात गेला होता’ असं सांगतं. मग दर्भाचे पुतळे, शांती, दक्षिणा. मृत्यू पंचक बघून येत नाहीत. पण निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटना समान अंतरावर पसरत नाहीत, त्यांचे घोळके होतात आणि मध्ये रिकाम्या जागा पडतात, हे गणिताने पक्कं ठाऊक आहे. एखाद्या डॉक्टरकडे वर्षाला सरासरी १० मृत्यू अपेक्षित असतील, तर निव्वळ योगायोगाने १७ किंवा जास्त होण्याची शक्यता पावणेतीन टक्के निघते. म्हणजे अशा १००० निष्पाप डॉक्टरांपैकी साधारण २७ जण दर वर्षी या आकड्याला पोचणारच. घोळका दिसला की कोप शोधणारा चुकतो आणि घोळका दिसला की खुनी शोधणाराही चुकतो.

मग खरा खुनी वेगळा कसा काढायचा? एक साधा विचार असा, की दर वर्षी आकडे तपासायचे आणि ‘हे योगायोगाने होण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ असं दिसलं की घंटा वाजवायची. यात मोठी फसगत आहे. एकदाच डोकावून पाहिलं तर चूक पाच टक्के. पण दर वर्षी डोकावत राहिलात, तर आज ना उद्या जवळजवळ प्रत्येक निर्दोष माणूस एखाद्या वर्षी सापळ्यात सापडेल. सतत डोकावायचं आणि तरीही चूक ताब्यात ठेवायची, हे जमवलं अब्राहम वाल्ड यांनी. १९४३ साली, युद्धाच्या काळात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र गटात ते काम करत होते. दारूगोळ्याची चाचणी घेताना कमीत कमी नमुने वापरून निर्णय कधी घ्यायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. उत्तर इतकं कामाचं होतं की १९४५पर्यंत ते गुप्त राहिलं. या कल्पनेच्या पूर्वसूरींमध्ये वाल्ड यांनी प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या बंगालमधल्या तागाच्या पाहणीचाही उल्लेख केला आहे. डिसेंबर १९५०मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आलेले असताना नीलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून वाल्ड गेले. ४८ वर्षांचे होते.

त्यांची रीत मला गणितातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्यासमोर दोन शक्यता ठेवायच्या. पहिली, हा डॉक्टर इतरांसारखाच आहे. दुसरी, याच्याकडे अपेक्षेच्या दुप्पट मृत्यू होतात. दर वर्षी जे आकडे हाती येतील ते दुसरी शक्यता खरी असताना दिसण्याची संभाव्यता, पहिली खरी असतानाच्या किती पट आहे ते काढायचं. वर्षागणिक या पटींचा गुणाकार करत जायचं. गुणाकार किचकट, म्हणून लॉगॅरिदम घेतला की त्याची बेरीज होते. सगळा पसारा आवरला की वर्षाच्या गुणांचं सूत्र उरतं ते एवढंच: झालेले मृत्यू गुणिले ०.७, वजा अपेक्षित मृत्यू. (०.७ म्हणजे २चा नैसर्गिक लॉगॅरिदम, नेमका ०.६९३.) अपेक्षित आकडा त्या डॉक्टरच्या पेशंटांचं वय आणि लिंग पाहून ठरवायचा, म्हाताऱ्यांचा डॉक्टर आणि बाळांचा डॉक्टर यांना एक माप लावून चालत नाही.

एक काल्पनिक डॉक्टर घेऊ. वर्षाला १० मृत्यू अपेक्षित. पहिल्या वर्षी ९ झाले: ६.३ वजा १०, म्हणजे उणे ३.७. दुसऱ्या वर्षी १७: ११.९ वजा १०, अधिक १.९. तिसऱ्या वर्षी १३: उणे ०.९. चौथ्या वर्षी १८: अधिक २.६. पाचव्या वर्षी पुन्हा १७: अधिक १.९. आता घंटेची पातळी. चुकीची शक्यता दोन्ही बाजूंनी (निर्दोष अडकणं आणि दोषी सुटणं) एक टक्का चालेल असं ठरवलं, तर पुरावा ९९ पट व्हायला हवा. ९९चा लॉगॅरिदम ४.६. बेरीज तिथे पोचली की घंटा.

पण नुसती बेरीज केली तर पहिल्या वर्षीचे उणे ३.७ पुढची सगळी वर्षं गळ्यात राहतात आणि पाच वर्षांनी बेरीज जेमतेम १.८ भरते. घंटा वाजतच नाही! चांगल्या वर्षांचं पुण्य गाठीशी बांधून माणसाने नंतर पापं करावीत आणि ती त्या पुण्यातून वळती व्हावीत, तसा हा प्रकार. दारूगोळ्याच्या पेटीचा निकाल लागला की वाल्ड यांची चाचणी संपते, डॉक्टरचं काम मात्र तीस वर्षं चालू राहतं. म्हणून १९५४मध्ये ई. एस. पेज यांनी मांडलेली दुरुस्ती लागते: बेरीज शून्याच्या खाली जाऊच द्यायची नाही. आता पाहा. पहिल्या वर्षी ०, मग १.९, मग १.०, मग ३.६, मग ५.५. पाचव्या वर्षी या बेरजेची रेघ ४.६च्या वर. (जाणकारांसाठी: शून्याचा तळ घातला की एक टक्क्याचा मूळ अर्थ टिकत नाही. पुरेसा काळ गेला तर निर्दोषाची रेघही कधीतरी पातळी ओलांडते. म्हणून अशा ठिकाणी पातळी बरीच वर ठेवतात आणि किती वर्षांत एखादी खोटी घंटा सोसेल ते आधी ठरवतात.)

यातला एकही आकडा एकटा भयंकर नाही, हे लक्षात घ्या. १७ किंवा १८ मृत्यूंवर कुणी डॉक्टरला जाब विचारणार नाही. पुरावा थोडा थोडा साठत जातो आणि रेघ त्याचा हिशोब ठेवते.

शिपमन आयोगासाठी संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत त्याच्या जुन्या मृत्युदाखल्यांवर लावून पाहिली. कडक पातळी ठेवूनही रेघ १९८४ सालीच वर गेली असती. त्याला तिथेच थांबवलं असतं तर सुमारे १७५ माणसं वाचली असती. दाखले सरकारदरबारी नोंदलेले होते, गणित तेव्हाच तीस-चाळीस वर्षं जुनं होतं, आकडेमोड वहीत करण्याइतकी सोपी होती. फक्त डॉक्टरनिहाय बेरीज करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

लेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड बेकर यांनी मृत्यूंच्या नोंदींमधून एक आलेख काढला होता, दिवसाच्या कोणत्या तासाला मृत्यू झाला त्याचा. आसपासच्या डॉक्टरांच्या पेशंटांचे मृत्यू चोवीस तासांत बऱ्यापैकी सारखे पसरलेले. शिपमनच्या पेशंटांचे दुपारी दोनच्या सुमाराला उंच सुळक्यासारखे. जेवणानंतर तो घरोघरी व्हिजिटला निघत असे.

आता या पद्धतीचा उदोउदो करणाऱ्यांसाठी. ‘एआय लावा, खुनी डॉक्टर आपोआप पकडला जाईल’ अशी भाषा हल्ली कानावर येते. अशी देखरेख इंग्लंडात प्रायोगिक तत्त्वावर करून पाहिली, तेव्हा एका डॉक्टरचा मृत्युदर शिपमनपेक्षाही जास्त निघाला. चौकशीत कळलं, की तो दक्षिण किनाऱ्यावरच्या, निवृत्तांची वस्ती आणि वृद्धाश्रम भरपूर असलेल्या गावात काम करतो आणि शेवटच्या दिवसांत पेशंटांना हॉस्पिटलात न पाठवता घरीच शांतपणे जाता यावं म्हणून मनापासून झटतो. रेघ चढण्याचं कारण त्याचा चांगुलपणा होता. नेदरलँड्समध्ये लुसिया दे बर्क या परिचारिकेला २००३मध्ये जन्मठेप झाली. तिच्या पाळीत इतक्या घटना योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा त्या खटल्यात गाजला. तो हिशोबच चुकीच्या पायावर उभा होता. २०१०मध्ये ती निर्दोष सुटली, तोवर आयुष्यातली अनेक वर्षं तुरुंगात गेली होती. रेघ वर गेली याचा अर्थ ‘आता जाऊन पाहा’ इतकाच. पाहायला माणूस, शवविच्छेदन, मॉर्फिनची चाचणी, संगणकातल्या वेळा लागतात.

९ सप्टेंबर २०२४पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू ‘मेडिकल एक्झामिनर’ या स्वतंत्र डॉक्टरच्या नजरेखालून जातो. उपचार करणाऱ्याने लिहिलेलं कारण तो तपासतो आणि नातेवाइकांना काही खटकलं का ते विचारलं जातं. शिपमनच्या अटकेपासून इथवर यायला २६ वर्षं लागली. ही तपासणी एकेका मृत्यूची आहे, आणि हाइडमध्ये एकेक मृत्यू पटण्यासारखाच होता. म्हणून तिच्या जोडीला डॉक्टरनिहाय बेरीज ठेवणारं, पातळी आधीच ठरवून दिलेलं आणि घंटा वाजली की कोणी कुठे जायचं हे नेमून दिलेलं एक टेबलही लागतं.