कालवा आला म्हणजे शेत भिजलंच?

‘कालवा आला की सगळ्यांची शेती बागायती होते’ हा जुना समज अर्धाच खरा आहे. कालव्याचं पाणी उताराने वाहतं. म्हणून कालव्याला लागून असलेलं, पण उंचावरचं रान पंपाने पाणी उपसल्याशिवाय कोरडंच राहतं. खालच्या बाजूलाही पाझर, बाष्पीभवन आणि वरच्या शेतांची जादा उचल यांमुळे शेवटच्या चारीला (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी उशिरा आणि कमी पोचतं. छोट्या शेतकरी कुटुंबाचं इथेच अडतं: ऐन फुलोऱ्यात पाण्याची पाळी चुकली की उत्पन्न घटतं. खात्री करायची तर लाभक्षेत्राच्या, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणाऱ्या भागाच्या, नकाशात आपलं शेत आहे का, ते आधी पाहावं. मग चारीच्या टोकाच्या शेतकऱ्यांना विचारावं, गेल्या हंगामात पाळ्या किती मिळाल्या आणि कधी.