अभंग पाठ आहे, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही

मंगळवेढ्याकडच्या एखाद्या गावात सप्ताहाच्या भजनाला पंच्याहत्तरीची आजी बसते. अभंगामागून अभंग म्हणते, शब्द चुकत नाही. घरी आल्यावर सुनेला विचारते, ‘मला जेवायला देणार हायस का न्हाई?’ जेवून तासही झालेला नसतो. घरचे म्हणतात, एवढं पाठ आहे म्हणजे डोकं शाबूत आहे. ही मुद्दाम करते.

ती मुद्दाम करत नाही. सगळ्या आठवणी मेंदूत एकाच कणगीत भरलेल्या नसतात. आज घडलेलं टिपून ठेवायचं काम कानशिलाच्या आतल्या अंगाला असलेला हिप्पोकॅम्पस करतो, आणि अल्झायमर या विसरण्याच्या आजारात पहिला घाव बहुतेक वेळा तिथंच बसतो. पन्नास वर्षं घोटलेला अभंग, भाकरी थापताना हाताला पडलेली लय हे मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरलेलं असतं आणि पुष्कळ उशिरा जातं. म्हणून आजी आजही भाकरी गोल थापते, फक्त आधीची तव्यावर आहे हे विसरते.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार, पण एकटा नव्हे. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि त्यातूनही स्मृतिभ्रंश येतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करण्याची सवय इथं महागात पडते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. तीन हजार वस्तीच्या गावात साठीपुढचे साडेतीनशे लोक धरले तर हा आकडा पंचविसाच्या आसपास जातो. गावाला विचारलं तर दोन-तीन नावं निघतात. बाकीचे ‘म्हातारचळ’ या एका शब्दाखाली झाकलेले असतात, नाहीतर त्यांना ‘बाहेरचं’ झालेलं असतं.

ओळखायचं कसं? आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न शाळेत न गेलेल्या माणसाला विचारून काही कळत नाही. त्यांची रोजची कामं बघावीत. बाजाराचा वार कोणता? पाचशेची नोट दिली आणि भाजी एकशेवीसची झाली तर किती परत घ्यायचे? काल घरी कोण आलं होतं? पेन्शनचे पैसे आणून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत जायला निघाले, असं होतं का? आधी जे काम विनासायास जमत होतं ते सहा महिन्यांत जमेनासं झालं का, एवढंच बघायचं. कधीच हिशेब न केलेल्या माणसाचा हिशेब चुकला तर त्याला अर्थ नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आजारांच्या प्राथमिक चाचपणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी ‘जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का’ असा प्रश्न आहे. तो म्हाताऱ्याला विचारला की ‘न्हाई’ हेच उत्तर येतं. सुनेला बाजूला घेऊन विचारलं तर खरं कळतं.

विसरणारा प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नसतो, हेही पक्कं ध्यानात ठेवायला हवं. बी-12 ची कमतरता, थायरॉइड मंदावणं आणि नैराश्य यांतूनही तसंच चित्र दिसतं आणि ते बऱ्याच अंशी सुधारतं. माळकरी घरात दूधदुभतं कमी झालं की बी-12 हमखास घटतं. ऐकू येत नसेल तर माणूस उत्तर देत नाही आणि घरच्यांना वाटतं विसरला. सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणली जाते. यातल्या अनेक गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला आणखी गोंधळात टाकतात. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. चिठ्ठी नको, पाकिटंच न्या.

आणि कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. त्याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी होणं ही नेहमीची कारणं, आणि तो माणूस त्याच दिवशी दवाखान्यात पोचला पाहिजे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा हे जास्त होतं, कारण म्हातारपणी तहान कमी लागते आणि स्मृतिभ्रंशात पाणी मागायचंच सुचत नाही. सकाळी दीड लिटरचा तांब्या-कळशी भरून वेगळी ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी करायची, हा सोपा हिशेब. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

निदानासाठी सोलापूरच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. तिथं जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567. डोनेपेझिलसारखी गोळी साधारण 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ती आजार घालवत नाही, काही जणांची घसरण थोडी लांबवते; भूक मरणं, जुलाब, नाडी मंदावणं असा त्रास झाला तर लगेच सांगावं. बाकी औषधात फारसं काही हाती लागत नाही. खरा आजार घरात काढायचा असतो, आणि तो एकटी सून काढत असते. तिचा नवरा ऊसतोडीला, पुण्याला किंवा कामावर.

गोव्यात याच प्रश्नावर एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक सल्लागारांनी रुग्णांच्या घरी जायचं, सांभाळणाऱ्याला आजार समजावायचा, वागणुकीतल्या अडचणींवर काय करायचं ते सांगायचं. 81 कुटुंबं, सहा महिने. 2008 साली निष्कर्ष आले. रुग्णांच्या रोजच्या कामांत ठळक फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आमच्या मते गावाने नेमकं याच ठिकाणी हात घालावा. रुग्ण बरा करणं गावाच्या हातात नाही, सुनेचे तास हलके करणं आहे.

‘काय लागलं तर सांगा’ या वाक्याने तास हलके होत नाहीत. सांगायलाही सवड लागते. वार आणि वेळ ठरलेली मदतच उपयोगी पडते: मंगळवारी दुपारी तीन ते पाच शेजारच्या काकू आजीजवळ बसतील, या वेळात सून दळण आणेल, बचत गटाच्या मिटिंगला जाईल किंवा नुसती झोपेल. बसणाऱ्या बाईला तीन गोष्टी माहीत असाव्यात. आजीला खोटं पाडायचं नाही. एका वेळी एकच सूचना द्यायची: ‘हात धुऊन जेवायला बसा’ असं न म्हणता आधी ‘हात पुढं करा’. आणि हाताला काम द्यायचं. शेंगा फोडणं, वाल सोलणं, लसूण निवडणं. शेंगा निम्म्या टरफलात गेल्या तरी चालतील. अक्कलकोटकडे आणखी एक गोष्ट पाहावी. माहेरची कन्नड बोलणारी आजी आजार वाढला की मराठी विसरत जाते, कारण नंतर शिकलेली भाषा बहुतेक वेळा आधी निसटते. सोलापुरातल्या पद्मशाली घरांत तेलुगूचंही तेच. कन्नड येणारी एक बाई दिवसातून अर्धा तास येऊन बोलली तर जी आजी ‘बोलतच नाही’ ती बोलते.

दिवेलागणीला बेचैनी वाढते. स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. तिच्या मनातलं घर बहुतेक वेळा माहेर असतं, आणि आईवडील गेल्याचं तिला ठाऊक नसतं. ते गेल्याचं सांगितलं तर ती दरवेळी नव्याने रडते. ‘चला, जाऊ’ म्हणून चपला घालायच्या, मारुतीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. घरात दिवा अंधार पडण्यापूर्वीच लावावा, मंद प्रकाशातल्या सावल्या तिला माणसं वाटतात. कीटकनाशकाच्या बाटल्या मात्र त्या घरात नकोतच. गोठ्याकडे ठेवा, तेही कुलपात.

हरवणं हा सर्वांत घातक भाग, आणि तयारी आधी करायची असते. सदऱ्याच्या आतल्या खिशावर, लुगड्याच्या किंवा झंपरच्या आतल्या शिवणीवर न जाणाऱ्या शाईने दोन मोबाइल नंबर लिहा. गळ्यातला किंवा खिशातला कागद माणूस काढून टाकतो, कापडावरचा नंबर टाकत नाही. बसस्टँडवरचा चहावाला, रिक्षावाले, पिठाची गिरणी, वडापच्या जीपा यांना एकदा माणूस दाखवून ठेवा. आजारपण झाकायच्या नादात नेमकं हेच राहतं.

दिसेनासं झालं की पहिल्या तासाला मोल आहे. प्रथम विहीर, शेततळं आणि कॅनॉल बघा. घरात माळ्यावर शोधत बसण्यात वेळ जातो, ते काम एकाच माणसाला द्या. मग जुन्या वाटा: विकलेलं शेत, माहेरच्या गावाचा रस्ता, बंद पडलेल्या गिरणीत पहिल्या पाळीला जायचा रस्ता. असा माणूस पुढं पुढं जात राहतो आणि काटेरी झुडपात किंवा उभ्या उसात अडकला की थांबतो. हाक मारली तरी ओ देत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. उसाच्या कडेला उभं राहून नुसत्या हाका मारून पुढं गेलं तर माणूस वीस फुटांवर असूनही सापडत नाही. चार-चार सऱ्या वाटून घेऊन चालतच जावं लागतं. देवळाच्या भोंग्यावरून नाव आणि कपडे सांगा. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर एका फोनवर सगळ्यांना निरोप जातो. 112 ला लगेच कळवा. चोवीस तास थांबायचा नियम नाही.

जेवणाचा धोका उशिरा येतो. गिळण्याचे स्नायू मंदावले की कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी घशात अडकते. भाकरी आमटीत कुस्करून, चटणी दह्यात कालवून द्या. ताठ बसवून, छोटा घास, आधीचा गिळल्यावरच पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पातळ पाण्यापेक्षा ज्वारीची आंबील सोपी जाते. ठसक्यामागून ताप आला तर न्यूमोनियाची शंका घ्या.

वारीला न्यावं का, हा प्रश्न दर आषाढीत येतो. जन्मभर वारी केलेल्याचे पाय त्या वाटेवर आपोआप चालतात, टाळ हातात आला की चेहरा उजळतो. नेता येतं, पण एका माणसामागे एक माणूस, ज्याच्याकडे त्या दिवसात दुसरं काही काम नाही. पंढरपुरात ‘पांढरा सदरा, धोतर, टोपी’ असं वर्णन भोंग्यावरून सांगून काही उपयोग होत नाही, तिथं सगळेच तसे. भडक नारिंगी उपरणं पाठीशी टाचणीने नव्हे, टाक्याने शिवा. रोज सकाळी निघताना मोबाइलवर पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात. वाळवंटातल्या गर्दीत माणूस भांबावतो. त्याला कळसाचं दर्शन घडवून पहिल्या पहाटेलाच परत आणलं तरी चालतं.