मेंदूत कुठं काय आहे ते बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही

मिरजेत मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास थोडा वेळ थांबलं की काखेत एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट घेतलेली माणसं हमखास दिसतात, कुणी अथणीकडनं आलेलं, कुणी जतकडनं, कुणी कवठे महांकाळकडनं. चहाच्या गाड्यावर फिल्म उजेडाकडं धरून बघत असतात आणि हल्ली कधीकधी त्या पाकिटात एक रंगीत प्रिंटपण असते, करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग. फंक्शनल एमआरआय म्हणतात त्याला. मग पाहुण्यातलं कुणीतरी शिकलेलं त्यावर बोट ठेवून सांगतं, "हे बघा, इथं बोलायचं असतंय, आणि हे इथं हाताचं." हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजलं नाही की डॉक्टर पुढं जे सांगतात, म्हणजे "पेशंटला जागं ठेवून डोक्याचं ऑपरेशन करायचंय", ते ऐकून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून हे सगळं जरा नीट लिहितोय.

आधी तो लाल डाग येतो कुठनं ते बघू. मशीनला मेंदूतले विचार दिसत नाहीत, पेशींमधला करंटपण दिसत नाही, त्याला दिसतं रक्त. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाच्या बाबतीत वेगळं वागतं, आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र थोडं बिघडवतं आणि तिथला सिग्नल कमी होतो. आता मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की शरीर तिकडं लागेल त्यापेक्षा जास्तच ताजं रक्त पाठवतं, मग ते वापरलेलं हिमोग्लोबिन वाहून जातं आणि सिग्नल किंचित वाढतो. सेईजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये 1990 ला हे दाखवलं आणि दोनेक वर्षांत माणसांवर वापर सुरू झाला. पण ही वाढ जेमतेम काही टक्के असते, तीही काम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी टोकाला पोचते, आणि चित्रातला एक ठिपका साधारण 2-3 मिलीमीटरचा असतो ज्यात काही लाख पेशी बसतात. म्हणजे लाल रंग मशीनमधनं आलेलाच नाही, कॉम्प्युटरने हिशोब करून "इथं फरक योगायोगाने आला नसावा" असं ठरवून तो भरलाय.

हा हिशोब चुकला तर काय होतं त्याचं फार बोलकं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो "दाखवले" आणि नेहमीचाच हिशोब केला पण एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम सोडून दिली. मेलेल्या माशाच्या मेंदूत लाल डाग आला. दुरुस्ती केल्यावर गेला. हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की त्यातले काही नुसत्या नशिबाने रंगणारच, हे त्यांना दाखवायचं होतं आणि फार चांगलं दाखवलं.

बरं, हिशोब अगदी बरोबर असला तरी दोन अडचणी राहतातच. पहिली म्हणजे पेशंटच्या मेंदूतली जी गाठ काढायची असते तिच्याजवळच्या रक्तवाहिन्या नीट वागत नाहीत, त्यामुळं भाग कामाचा असून डाग येत नाही असं होऊ शकतं, आणि नेमकं तिथंच तर आपल्याला बघायचं असतं. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. बोलताना मेंदूचे बरेच भाग जागे होतात, लक्ष देणारे, ऐकणारे, आठवणारे, पण त्यातले कुठले काढले तर बोलणं जाईल आणि कुठले काढले तरी चालून जाईल हे रंगावरनं कळत नाही. गावाकडं डीपीवरचा कुठला फ्यूज कुणाच्या लाईनचा हे विसरलं असेल तर वायरमन काय करतो, फ्यूज काढतो आणि ओरडून विचारतो कुणाची लाईट गेली. मेंदूचंही तसंच आहे, खात्री करायची तर क्षणभर बंद करूनच बघावं लागतं.

हे शोधायला माणसाला वेळ लागला. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडं एक रुग्ण आला ज्याला "तान" एवढंच बोलता यायचं, ऐकलेलं मात्र बरंच समजायचं. काही दिवसांतच तो वारला आणि ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात खराबी सापडली, त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे. निसर्गाने बंद केलेला फ्यूज, पण कधी, कसा, किती खोल बंद झाला ते माहीत नाही. तो मेंदू ब्रोकांनी न कापता जपून ठेवला होता, म्हणून नीना ड्रोंकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तब्बल दीड शतकानंतर त्याचा एमआरआय काढता आला, 2007 मध्ये ते काम छापून आलं, आणि दिसलं काय तर खराबी वरच्या थरावर थांबलेली नव्हती, आत खोलवर, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या धाग्यांच्या जुड्यांपर्यंत गेलेली होती. नुसती ती एक जागा गेली म्हणून वाचा गेली असं म्हणणंच घाईचं होतं.

मग करंट आला. 1870 मध्ये जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला हलका करंट देऊन उलट्या बाजूचा पाय हलवून दाखवला. माणसाच्या बाबतीत हे काम सगळ्यात चिकाटीने केलं ते माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी. फिट्सचे पेशंट, भूल फक्त डोक्याच्या कातडीपुरती, पेशंट जागा, आणि मेंदूच्या एकेका जागेला करंट लावून विचारायचं काय वाटलं, काय हललं. त्या जागेवर नंबरची बारीक चिठ्ठी ठेवायची. 1937 मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी 163 रुग्णांचे निकाल एकत्र छापले आणि त्यातनं ते प्रसिद्ध चित्र आलं, मेंदूच्या पट्टीवर आडवा पडलेला माणूस, हात आणि ओठ भलेमोठे, धड एवढंसं. हाताला आणि ओठाला मेंदूत जागा जास्त मिळते कारण तिथं बारीक काम जास्त.

आता आजचं ऑपरेशन थिएटर. समजा जतच्या पूर्व भागातला एक द्राक्षबागायतदार आहे, वय पस्तिशीचं, घरात कन्नड बोलतात आणि बाजारात, बँकेत, शाळेत मराठी. ऑक्टोबरची छाटणी चालू असताना उजव्या हातातली कात्री आपोआप थरथरायला लागली, मग दोन मिनिटं तोंडातनं शब्दच फुटेना, असं दोनदा झालं. एमआरआयमध्ये डाव्या पुढच्या भागात हळू वाढणारी गाठ दिसली, हाताच्या आणि बोलण्याच्या जागांना अगदी खेटून. अशी गाठ दिसायला मेंदूसारखीच असते, कुठं संपते आणि चांगला मेंदू कुठं सुरू होतो ते नुसत्या डोळ्यांना धड कळत नाही. स्कॅन बघून दिशा दाखवणारी नेव्हिगेशन मशीन असते, पण कवटी उघडून आतलं पाणी निघालं की मेंदू थोडा खाली बसतो, कधी सेंटीमीटरभरसुद्धा, आणि सकाळचा नकाशा दुपारी चुकीचा ठरतो.

म्हणून जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते कातडीला आणि मेंदूवरच्या जाड पडद्याला, तिथं सुया देऊन बधिर करतात, उघडेपर्यंत गुंगीत ठेवतात आणि कामाच्या वेळी जागं करतात. पेशंट कुशीवर झोपलेला, डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट, समोर पारदर्शक प्लास्टिक आणि त्याच्यापलीकडं स्पीच थेरपिस्ट टॅबवर चित्रं दाखवत बसलेली. सर्जनच्या हातात एक पेनासारखं यंत्र, त्याला दोन टोकं, दोन्हीत अंतर 5 मिलीमीटर. 1 मिलीअँपिअरपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, बहुतेक वेळा 6 च्या आतच भागतं, आणि एका जागेला फार तर तीन-चार सेकंद, तेवढा वेळ भाषेची जागा बंद पडल्यासारखी होते. करंट कधी लावला हे पेशंटला सांगत नाहीत.

"मामा, हे काय सांगा."
"हा आंबा आहे."
"हे?"
"हे... हे..."

करंट काढला की लगेच, "हे केळं आहे." हीच जागा मधे इतर जागा तपासून परत, असं तीनदा करतात आणि दरवेळी शब्द अडकला तरच ती जागा धरतात, नंबरची चिठ्ठी लागते. आता वरचं अडकणं परत वाचा. मामा "हे" बरोबर बोलले, म्हणजे तोंड-जीभ चालू आहे, अडकलंय ते नाव. केळं नपुंसकलिंगी हे त्यांच्या मेंदूने शोधून ठेवलंय असं मात्र नुसत्या "हे" वरनं म्हणता येत नाही, कारण मराठीत नाव न सापडलेल्या वस्तूलाही आपण "हे"च म्हणतो. पण नाव आणि लिंग मेंदूत वेगवेगळं साठवलेलं असू शकतं हे इटालियन बोलणाऱ्यांच्या अभ्यासातनं आलेलं आहे. याउलट "हे" पण न निघता तोंडच थांबलं तर ते बोलण्याच्या स्नायूंचं काम, ती जागा वेगळी. हाताच्या पट्टीवर करंट लावला की उलटं होतं, काही थांबण्याऐवजी बोटं आपोआप हलतात. करंटमुळं कधी फिट सुरू व्हायला लागते, तेव्हा थंडगार सलाईन थेट मेंदूवर सोडतात आणि बहुतेक वेळा ती तिथंच थांबते, ते हाताशी तयारच ठेवलेलं असतं.

यानंतर हीच चित्रं कन्नडमध्ये. आंबा तोच, उत्तर "माविन हण्णु". हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, विशेषतः आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी. जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांच्या असतात आणि काही फक्त एकीच्या. म्हणजे जतच्या माणसाची तपासणी फक्त मराठीत केली तर बँकेतलं बोलणं वाचेल आणि आईशी बोलायची भाषा धोक्यात राहील. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टर विचारोत न विचारोत, घरात काय बोलता, हिशोब कुठल्या भाषेत करता, कुठल्या हाताने काम करता, वाजवता-गाता का, हे आपणहून सांगा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या माणसाला बोटांची जी चाचणी लागेल ती ट्रक ड्रायव्हरला लागणार नाही. 2017 मध्ये बेंगळुरूत एका गिटारवादकाने ऑपरेशन चालू असताना गिटार वाजवलं त्याचे व्हिडिओ फिरले होते, लोकांना तो चमत्कार वाटला पण वाजवताना बोटं आखडणं हाच त्याचा आजार होता, मग वाजवल्याशिवाय योग्य जागा सापडली हे कळणार कसं?

ओजेमन यांनीच 1989 मध्ये 117 रुग्णांचे नकाशे एकत्र ठेवून बघितले. भाषेसाठी अत्यावश्यक जागा बऱ्याचदा एक-दोन चौरस सेंटीमीटरच्या निघाल्या, आणि माणसागणिक इतक्या वेगळ्या ठिकाणी की पुस्तकातल्या चित्रावर भरवसा ठेवून कापणं धोक्याचं. फ्रान्समध्ये मॉंपेलिएच्या ह्यूग द्यूफो यांच्या टीमने तर हळू वाढणाऱ्या गाठींमध्ये खुद्द ब्रोकाची जागा काढली आहे आणि पेशंट बोलतात, कारण गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढताना मेंदूने ते काम शेजाऱ्यांकडं सोपवलेलं होतं. खालचे धागे मात्र असे हलत नाहीत, ते तुटले की भरून येणं फार अवघड, म्हणून गाठ काढता काढता खाली पांढऱ्या भागातसुद्धा सारखा करंट लावून बघत जातात आणि पेशंटचं बोलणं तेवढा वेळ चालूच ठेवतात.

एवढ्या उठाठेवीचा उपयोग होतो का, तर हो. 2012 मध्ये 8091 रुग्णांचे छापलेले निकाल एकत्र करून बघितले तेव्हा करंटने तपासत केलेल्या ऑपरेशननंतर कायमची गंभीर इजा 3.4 टक्के लोकांना होती, न तपासता केलेल्यांत 8.2 टक्के. आणि गाठसुद्धा तपासणाऱ्यांनीच जास्त पूर्ण काढली. घाबरलेल्या नातेवाइकांना मी हेच आकडे सांगतो.

याचा अर्थ स्कॅन बिनकामाचा असं अजिबात नाही. ऑपरेशनचं प्लॅनिंग त्यावरच होतं, धाग्यांच्या जुड्या कुठनं जातात ते पाण्याच्या हालचालीवरनं दाखवणारा एमआरआय असतो, आणि 1985 मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी आणलेल्या चुंबकीय झटक्याच्या मशीनने तर कवटी न उघडता बाहेरनंच हाताची जागा बरीच नेमकी मिळते. उलट 2023 मध्ये स्कॅननेच पेनफिल्डच्या चित्राची दुरुस्ती केली. सेंट लुईसमधल्या इव्हान गॉर्डन, निको डोसेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका माणसाचे तासन्‌तास स्कॅन घेतले तेव्हा पाय, हात आणि तोंड यांच्या पट्ट्यांच्या मधे वेगळेच तुकडे दिसले, जे एकाच अवयवाचं काम न करता सगळ्या शरीराची हालचाल आणि बेत यांची सांगड घालतात असं दिसतं. सलग आडवा पडलेला माणूस पुस्तकांत इतकी वर्षं छापला गेला, पण खरी पट्टी तशी सलग नाही.

आपल्या बागायतदाराचं पुढं काय होतं, तर ऑपरेशननंतर काही दिवस बोलणं अडखळतं, हात जड वाटतो, घरचे घाबरतात. सूज उतरेल तसं आणि थेरपीने यातलं बरंच काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत परत येतं, थेरपी मधेच सोडायची नाही. अशी गाठ काही वर्षांनी परत वाढू शकते आणि तेव्हा पुन्हा उघडायची वेळ आली तर आधीच्या वेळचा नकाशा तसाच्या तसा धरून चालत नाही, कारण काही जागा मधल्या काळात सरकलेल्या सापडतात. पुन्हा जागं ठेवून, पुन्हा आंबा आणि केळं, दोन्ही भाषांत.