बहुवस्तू मागोवा

व्हिडिओमध्ये एकाच वेळी हालणाऱ्या अनेक वस्तू शोधून प्रत्येकीला स्वतंत्र ओळखक्रमांक देणे आणि ती दृश्याबाहेर जाईपर्यंत तो टिकवणे, या संगणकीय दृष्टीतील प्रक्रियेस बहुवस्तू मागोवा म्हणतात. एका फ्रेममध्ये माणसे वा वाहने कोठे आहेत हे सांगणे आता बरेच सोपे झाले आहे. खरी अडचण आधीच्या फ्रेममधील सात क्रमांकाचा माणूस या फ्रेममधील नेमका कोणता, हे ठरवताना येते.

हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधी रडारपुढे उभा राहिला होता. रडारवर उमटणारा ठिपका कोणत्या लक्ष्याचा, हे ठरवण्यासाठी डोनाल्ड रीड यांनी १९७९ मध्ये बहुगृहीतक पद्धती मांडली. तीत संदिग्ध जुळणीचा निकाल लगेच न लावता अनेक शक्यता पुढील निरीक्षणांपर्यंत राखून ठेवतात. मात्र या शक्यता भराभर वाढत असल्याने त्यांची सतत छाटणी करावी लागते.

सध्याच्या बऱ्याच प्रणाली आधी शोध आणि मग जुळणी या क्रमाने चालतात. २०१६ मध्ये मांडलेली ‘सॉर्ट’ ही पद्धत याचा सुटसुटीत नमुना आहे. शोधयंत्रणा प्रत्येक फ्रेममध्ये वस्तूंभोवती आयताकृती चौकटी आखते आणि रूडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणीच्या (फिल्टर या गणिती पद्धतीच्या) साहाय्याने प्रत्येक जुन्या वस्तूची नवी जागा तिच्या वेगावरून आधीच वर्तवली जाते. वर्तवलेली चौकट व सापडलेली चौकट यांचा सामाईक भाग त्यांनी मिळून व्यापलेल्या क्षेत्राच्या तुलनेत जितका मोठा, तितकी ती जोडी स्वस्त, म्हणजे कमी जुळणीखर्चाची मानतात. जोड्या लावण्याचे काम हंगेरियन पद्धत करते. हॅरोल्ड कून यांनी ती १९५५ मध्ये सिद्ध केली आणि केनिग व एगेरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्याने तिला हे नाव दिले. समजा, पहिल्या वस्तूचा ‘क’ चौकटीशी जुळणीखर्च २ आणि ‘ख’शी ३ आहे, तर दुसरीचा अनुक्रमे ३ आणि ९ आहे. सर्वांत स्वस्त जोडी आधी उचलली, तर पहिलीला ‘क’ मिळून एकूण खर्च ११ होतो. सर्व जोड्यांचा एकत्र विचार केल्यास पहिलीला ‘ख’ व दुसरीला ‘क’ देऊन तो ६ वर येतो.

दोन पादचारी एकमेकांसमोरून गेले आणि मागचा काही क्षण झाकला गेला, की केवळ गतीवर भिस्त ठेवणाऱ्या पद्धतीत क्रमांकांची अदलाबदल होते. म्हणून ‘डीपसॉर्ट’ (२०१७) मध्ये प्रत्येक वस्तूचे रूप चेताजालाद्वारे (न्यूरल नेटवर्कद्वारे) १२८ संख्यांच्या सदिशात, म्हणजे क्रमवार यादीत, नोंदवून तेही ताडून पाहिले जाते. ‘बाइटट्रॅक’ने वेगळाच मार्ग धरला: इतरत्र टाकून दिल्या जाणाऱ्या, कमी खात्रीच्या चौकटी तिने दुसऱ्या फेरीत जुळणीसाठी वापरल्या, कारण अर्धवट झाकलेला माणूस बहुधा अशाच चौकटीत सापडतो. एकसारखा पोशाख केलेल्या नर्तकांच्या समूहात मात्र रूपाचा आधार तोकडा पडतो.

मूल्यमापनासाठी दीर्घकाळ ‘मोटा’ हा निर्देशांक प्रचलित होता. हुकलेल्या वस्तू, खोट्या चौकटी व क्रमांकबदल यांच्या बेरजेला प्रत्यक्ष वस्तूंच्या एकूण नोंदींनी भागून भागाकार एकातून वजा केला, की तो मिळतो. चुका नोंदींपेक्षा अधिक झाल्यास तो ऋणही येतो. क्रमांकबदल पहिल्या दोन चुकांपेक्षा सहसा फारच थोडे असल्याने या निर्देशांकात ओळख टिकवण्याला फारसे वजन उरत नाही, हा त्याचा गंभीर दोष होय. २०२० मध्ये पुढे आलेला ‘होटा’ शोधाची व जुळणीची अचूकता स्वतंत्रपणे मोजून त्यांचा गुणोत्तर मध्य, म्हणजे गुणाकाराचे वर्गमूळ, घेतो, त्यामुळे एका बाजूची उणीव दुसरीच्या आड लपत नाही.