ब्रिकबॅट कोबा

सपाट काँक्रीटच्या गच्चीतून पावसाचे पाणी खाली झिरपू नये म्हणून स्लॅबवर विटांचे तुकडे उताराने बसवून, त्यांच्या सांध्यांत वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला सिमेंटचा माल भरून केलेला जाड थर. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातल्या असंख्य इमारतींच्या माथ्यावर हा थर आढळतो. गवंडी त्याला नुसता ‘कोबा’ म्हणतात. घरातल्या गुळगुळीत सिमेंटच्या जमिनीलाही कोबाच म्हणतात, म्हणून गच्चीचे काम देताना अंदाजपत्रकात ‘ब्रिकबॅट’ हा शब्द लिहून घेतलेला बरा.

सिमेंट येण्यापूर्वी कोबा चुन्याचा असे. भिजवलेला चुना बैलाने फिरवायच्या दगडी घाणीत मळायचा, त्यात विटांचा चुरा मिसळायचा आणि थर पसरून तो लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस ठोकायचा, अशी त्याची रीत होती. ठोकताना वर गूळ आणि बेलफळाचा गर कालवलेले पाणी शिंपडत. चुन्याच्या अशा घाणी महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर अजून दिसतात. सिमेंट लवकर घट्ट होते, त्यामुळे ठोकण्याचे काम संपले. विटेचे तुकडे मात्र टिकले, आणि आज कोब्याचे बरेवाईट मुख्यतः त्यांच्यावरच ठरते.

पाणी अडवणे हे कोब्याचे दुसरे काम, पहिले काम ते हाकलून लावण्याचे. गच्चीवर पाणी साचून राहिले तर कोणतेही रसायन फार काळ तग धरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सपाट गच्चीवर जवळजवळ मीटरभर पाणी पडले. ते वेळेवर पाइपात गेले पाहिजे. राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या कोष्टकाप्रमाणे ताशी १०० मिलिमीटर पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप सुमारे ४३ चौरस मीटर छताचे पाणी वाहून नेतो. तोंडाशी पाने आणि कबुतरांची पिसे अडकली नसतील तरच, हे कोष्टकात नसते.

उतार साधारण १०० ला १ ठेवतात. पाइपापासून सर्वांत लांबचा कोपरा ६ मीटरवर असेल, तर तिथला थर पाइपाजवळच्या थरापेक्षा ६ सेंटिमीटरने जाड हवा. पाइपाशी ७, कोपऱ्यात १३. हा उतार डोळ्याने काढता येत नाही. त्यासाठी गवंडी पारदर्शक नळी वापरतो. नळीत पाणी भरून बुडबुडे निघेपर्यंत ती हलवायची, दोन्ही टोके कठड्याला धरायची आणि पाणी थांबले की दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करायची. चारी कठड्यांवर अशी सपाट रेघ मिळाली की तिथून खाली मोजून उतार ठरतो. एक बुडबुडा राहिला तरी रेघ खोटी पडते. पन्नास-शंभर रुपयांची ही नळी कामाच्या सगळ्या हत्यारांत सर्वांत स्वस्त, आणि घाईत तीच गाळली जाते. बाकी लागतात ती घमेली, फावडी, थापी, रंधा, ॲल्युमिनियमची पट्टी, दोरी, तारेचा ब्रश आणि जुना थर काढायला छिन्नी-हातोडा. स्लॅबला ब्रेकर, म्हणजे विजेवर चालणारे फोडयंत्र, लावू देऊ नये. त्याच्या हादऱ्याने धड काँक्रीटलाही चिरा जातात.

वीट चांगली भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, आणि २४ तास पाण्यात ठेवल्यावर सामान्य विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक आहे. पाडलेल्या भिंतींचे तुकडे स्वस्तात मिळतात आणि ठेकेदार तेच आणतो. त्यांना जुना गिलावा चिकटलेला असतो, काहींना लोणा, म्हणजे पांढरा क्षार, लागलेला असतो, आणि नवा माल त्यांना धरत नाही. एएसी ब्लॉकचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचे, तुकडे तर अजिबात नकोत. ते स्पंजासारखे पाणी शोषून ठेवतात. तुकडे पिंपात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावेत. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते, मग सिमेंटला पकडायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो.

वाळूची फसवणूक सर्वांत जुनी. खाडीच्या रेतीत मीठ असते आणि ते स्लॅबमधल्या सळईला गंज आणते. काळ्या दगडाची क्रश सँड आता सर्रास वापरतात आणि ती चालते, पण तिच्या नावाखाली कधी कधी खडीची धूळच येते. काचेच्या बरणीत मिठाचे पाणी घेऊन त्यात वाळू टाकावी, हलवावी आणि तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळाचा पट्टा वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी परत पाठवावी.

सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते घेऊ नये. ‘५३ ग्रेड म्हणजे भारी’ या समजापोटी लोक तेच मागतात. कोब्याला एवढ्या ताकदीची गरज नसते, उलट लवकर तापणाऱ्या या सिमेंटने मेच्या उन्हात तडे जाण्याची भीती वाढते. पीपीसी, म्हणजे राखेसारखा पोझोलाना मिसळलेले सिमेंट, सावकाश घट्ट होते आणि इथे तेच सोयीचे, मात्र त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. कंपाउंडाच्या डब्यावर आयएस २६४५ हा क्रमांक बघावा. बहुतेक द्रव कंपाउंडांचे प्रमाण ५० किलोच्या पोत्यामागे २०० मिलिलिटर असते. दुप्पट ओतल्याने दुप्पट फायदा होत नाही.

काम असे चालते : स्लॅब घासून धुतात, भेगा खोदून भरतात, सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, मारतात आणि त्यावर दोन-अडीच सेंटिमीटर मालाचा थर देतात. त्यात विटांचे तुकडे सुट्या सांध्यांनी उभे बसवून सांधे भरतात. कठड्याशी काटकोन न ठेवता माल गोलाकार वर चढवतात; याला ‘वाटा’ म्हणतात. तो सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत नेऊन गिलाव्याच्या आत खोवायचा असतो. नुसता चिकटवला, तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच फट पडते. वरचा थर रंध्याने घोटून ओला असतानाच दोरीने चौकोन मारतात, म्हणजे बारीक तडे गेलेच तर त्या रेघांत जातात. कुणी वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करतात. त्याने खालची खोली उन्हाळ्यात थोडी कमी तापते.

कोब्याचा मोठा दोष वजन. दहा सेंटिमीटर थराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातो. गळती लागली की जुन्यावरच नवा कोबा घालण्याची सवय म्हणूनच धोक्याची. जुना आधी काढावा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. दुसरा दोष असा, की पाणी शिरते एकीकडे आणि निघते दुसरीकडे. कोब्याखाली ते स्लॅबवरून सरकत जाते, विजेच्या पाइपात उतरते आणि खालच्या घरात पंख्याच्या हुकातून ठिबकते. पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ठिबकत राहते. मग वरच्या मजल्यावरचा सभासद आणि सोसायटी यांच्यात पत्रापत्री सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते.

डांबरी मेम्ब्रेन, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे लेप हे हलके पर्याय आहेत. ओल्या पृष्ठभागावर लावले तर त्यांना फोड येतात, आणि पापड वाळत घालायला ज्या गच्चीवर रोज पाय पडतात तिथे ते उघडे ठेवून चालत नाही.

काम संपल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी कोंडतात. त्यातच थर मुरतो आणि त्याची परीक्षाही होते. मुरण्यासाठी पीपीसीला उन्हाळ्यात १४ दिवस द्यावेत. परीक्षेला दोन-तीन दिवस पुरतात. कठड्यावर पाण्याची पातळी पेन्सिलीने आखून ठेवायची. मेच्या उन्हात ती थोडी उतरणारच, म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करतात. बादलीपेक्षा गच्ची जास्त उतरली, तर खालच्या घरात जाऊन छताला बॅटरी लावून बघायचे, पंख्याच्या हुकापासून.